संघ गेला, वाद्यवृंद राहिला

संघाने शहर सोडले की दोन-चार वर्षांत चाहतेही त्याला विसरतात, असे म्हटले जाते; पण हे मत अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या बाबतीत मला पटत नाही. मार्च १९८४ मध्ये कोल्ट्स हा तिथला अमेरिकन फुटबॉलचा संघ रातोरात ट्रकांत सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला. परंतु त्याच्या वाद्यवृंदाचे गणवेश तेव्हा नेमके धुलाईला गेलेले असल्यामुळे शहरातच राहिले आणि तो वाद्यवृंद, ज्याच्यासाठी वाजवायचे तो संघच नसताना, पुढची तब्बल १२ वर्षे त्याच नावाने वाजवत राहिला.

१९९६ मध्ये बाल्टिमोरला पुन्हा संघ मिळाला खरा, पण तो क्लीव्हलंडहून उठवून आणलेला होता (म्हणजे तिथल्या चाहत्यांवर हुबेहूब तीच वेळ आली), आणि हाच वाद्यवृंद आज त्या रेव्हन्स संघासाठी वाजवतो.