दुधाच्या दातांची कीड: दोष आईच्या अज्ञानाचा?

रानवारा:
"गरीब वस्तीतल्या आयांना दातांचं महत्त्वच कळत नाही, एक व्याख्यान आणि एक पत्रक दिलं की निम्मी कीड थांबेल," असं काल एकाने ठामपणे लिहिलं. दोन ओळींत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून हा धागा.

दात घासावेत हे प्रत्येक आईला माहीत असतं. दोन वर्षांचं पोर तोंड घट्ट मिटून मान फिरवतं तेव्हा काय करायचं, ते तिला कुणी दाखवत नाही. समोर उभं राहून घासलं की ब्रश पुढच्या दातांवरच फिरतो. मुलाचं डोकं आपल्या मांडीत घ्यायचं, एका बोटाने वरचा ओठ उचलायचा आणि ब्रश हिरडीच्या कडेला टेकवायचा. हे बाहुलीवर दाखवून भागत नाही, तिच्याच मुलावर तिच्याच हातून करून घ्यावं लागतं.

पुरावा हवा असेल तर कॅनडातल्या पंजाबी मातांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. एका गटाला फक्त पत्रक आणि व्हिडिओ. दुसऱ्याला त्यावर एक बैठक, जिच्यात उपाय आईनेच निवडायचा, आणि नंतर सहा फोन. वर्षाने पहिल्या गटात मुलामागे सरासरी १.९१ नव्या किडलेल्या जागा, दुसऱ्यात ०.७१.

मृण्मयी:
म्हणजे माहिती नकोच? "कळत नाही" म्हटलं की लगेच अपमान कसा होतो? वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ येते, तोवरच कीड परतवता येते. खड्डा पडला की संपलं. ओल्या दातावर ती रेघ नीट दिसत नाही, दात आधी फडक्याने पुसावा लागतो. दाखवल्याशिवाय हे कुठल्याच आईला समजत नाही, शिकलेल्या आईलाही नाही. तसंच सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांमागे येणारी दाढ. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे दुधाचीच समजून ती किडू दिली जाते. ती कायमची असते! याला अज्ञान नाही तर काय म्हणायचं?

अवधूत:
आधी फ्लोराइडची, म्हणजे कीड रोखायला क्षार घातलेली, पेस्ट शिकवणं थांबवा. थुंकता न येणारं मूल सगळी पेस्ट गिळतं.

रानवारा:
अशा भीतीनेच दात जातात. हिशोब करा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण ०.१ ग्रॅम. १००० पीपीएमची (दहा लाख भागांत १००० भाग फ्लोराइड) असेल तर त्यात ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड. तातडीने दवाखाना गाठावा असं प्रमाण किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला एका वेळी ५० ग्रॅम पेस्ट खावी लागेल.

अवधूत:
विषबाधेचं मी बोललोच नाही, माझ्या तोंडी घालू नका. पहिल्या तीन-चार वर्षांत हिरडीच्या आत कायमचे पुढचे दात घडत असतात. तेव्हा रोज जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर त्यांवर डाग येतात. विहिरीच्या पाण्यातच लिटरला १.५ मिलिग्रॅमहून जास्त असेल तर? पाणी न तपासता सगळ्या वस्त्यांना एकच सल्ला देणं हा निष्काळजीपणा आहे.

मृण्मयी:
पाण्याचं मान्य, तिथे आधी तपासणीच हवी. पण म्हणून ५०० पीपीएमची "लहान मुलांची" पेस्ट सुचवू नका, तिने किडीला आळा बसतो याचा पुरावा कच्चा आहे. चूक मापात होते. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात, घरात तेच होतं. पेस्ट आडवी, ब्रशच्या रुंदीवर लावून केसांत दाबायची, म्हणजे मूल ती चाटून घेत नाही. तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. ट्यूब मुलाच्या हातात द्यायची नाही.

शुभदा:
सगळे पेस्टवर घसरलात, आणि रात्रीची बाटली? झोपेत लाळ जवळजवळ थांबते, दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. खालचे दात जिभेखाली झाकलेले म्हणून वाचतात. "बाटली बंद करा" म्हटलं की मूल रात्रभर रडतं, शेजारी भिंत ठोकतात, चौथ्या रात्री बाटली परत येते. दर दोन-तीन रात्रींनी दूध थोडं कमी, पाणी थोडं जास्त, असं नुसत्या पाण्यावर आणा. वर्ष पूर्ण झालेल्या मुलालाच हं, त्याआधी दूध पातळ करणं घातक. कमी केलेलं दूध दिवसा कपाने द्या. झोपताना दिलेल्या गोड औषधानंतरही दात पुसायला हवेत, हे औषध देणाराच सांगत नाही.

आणि सारखं आई, आई काय? ती कामावर असताना बाटली आजी देते किंवा मोठी बहीण. शिकवायचं त्यांना, आणि बापालाही.

रानवारा:
हे बरोबर आहे, माझ्याही लिहिण्यात आईच होती. मृण्मयी, पांढरी रेघ दाखवायलाच हवी, पण मांडीवर, ओठ उचलून. पत्रकातल्या फोटोत नाही.

अवधूत:
पाणी तपासलेलं असेल आणि ट्यूब मोठ्यांच्या ताब्यात असेल, तर तांदळाच्या दाण्याला माझी हरकत नाही. पण "फ्लोराइडची पेस्ट वापरा" एवढंच छापलेलं पत्रक वाटलंत तर मी विरोधच करणार. छापायचंच तर दाण्याचं चित्र खऱ्या आकारात छापा.