शब्दचर्चा: 'कोरखुमन'ला मराठीत काय म्हणाल?

गॉलवेकरीण: आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात गेलतख्तवर (म्हणजे आयर्लंडमधले आयरिश बोलणारे पट्टे, डोनेगल, मेयो, गॉलवे, केरी वगैरे सात काउंट्यांत विखुरलेत) लेख लिहितेय आणि एका शब्दावर दोन दिवस अडलेय. सरकारचं 'ऊदरास न गेलतख्त्ता' म्हणून एक प्राधिकरण आहे, १९८० पासूनचं, ते तिथल्या छोट्या धंद्यांना आणि गावोगावच्या कोरखुमनना पैसे देतं. प्राधिकरण ठीक आहे, जरा बोजड आहे पण चालेल. पण कोरखुमन? गावकऱ्यांची संस्था असते, शेअर गावाचेच, मॅनेजरचा पगार बऱ्याचदा ऊदरासच्या पैशातून, आणि कामं काय तर पोरांचे उन्हाळी भाषावर्ग, हॉल, बेटावर असेल तर आणखी काय काय.

चहाटळ: सहकारी संस्था. संपला विषय.

गॉलवेकरीण: डिक्शनरीत तेच आहे हो, पण 'सहकारी' म्हटलं की आपल्या माणसाला साखर कारखाना, चेअरमन आणि पॅनलची निवडणूक दिसते, त्याला मी काय करू?

पाटावरवंटा: 'समाजविकास मंडळ' करा की. नाही नको, राहू दे, आपल्याकडे 'समाज' म्हटलं की कुठला समाज हे विचारतात आधी. लोक उगाच वधूवर मेळावा समजतील.

बांधावरचा: या 'कोर'चा अर्थ काय मुळात?

गॉलवेकरीण: खुमन म्हणजे मंडळ. कोर म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी एकमेकांच्या कामाला जाणं. जुन्या आयरिशमध्ये तर चक्क भागीत नांगरणी, 'को' म्हणजे सह आणि 'अर' म्हणजे नांगरणे. ज्याच्याकडे नांगराला पुरेशी जनावरं नाहीत तो दुसऱ्याशी करार करायचा.

बांधावरचा: अहो मग हा आपला वारंगुळा झाला ना!! माझ्या आजोबांकडे एकच बैल, शेजारच्या अण्णांकडे एक, दोन्ही जुंपायचे, आज आमचं रान उद्या त्यांचं. सावड पण तीच जात, फक्त तिथं माणसाच्या कामाची परतफेड माणसाच्या कामानं, तुम्ही दोन दिवस भांगलायला आलात की मी दोन दिवस येणार, हिशोब पक्का असतो, कुणी बोलत नाही पण सगळ्यांना पाठ असतो. इर्जिक वेगळी बरं का, लोक गल्लत करतात. तिथं सगळी आळी औतं घेऊन एकाच्याच रानात उतरते, तो फक्त जेवण घालतो.

गॉलवेकरीण: अंगावर काटा आला. इर्जिकेला इथे 'मेहल' म्हणतात, सेम टू सेम, कापणीला सगळे येणार आणि घरच्या बाईनं खाऊ घालायचं. आणि गंमत बघा, केरीतल्या कोर्का ग्वीनाची कोरखुमन १९६७ ची, तिच्या सुरुवातीच्या कामांत पडीक जमीन लागवडीखाली आणणं होतं. म्हणजे नाव परत नांगरावरच गेलं. मी 'सावड मंडळ' लिहिते.

चहाटळ: मान्य. पण सावडीत सरकारी पैसा नसतो, इथं आहे. त्या पैशाला काय म्हणताय, अनुदान की सबसिडी?

गॉलवेकरीण: त्यांचा शब्द 'द्योंतस'. अनुदानच. फक्त गेलतख्तात जुनी माणसं नुसतं 'द्योंतस' म्हणाली की धंद्याचं नाही, पोरांचं आठवतं. १९३३ च्या सुमारास स्कीम आली, ज्या घरात आयरिश बोलतात तिथल्या शाळेतल्या पोरामागे वर्षाला २ पाउंड, आणि इन्स्पेक्टर येऊन पोराला बोलतं करून बघणार, घरची भाषा खरी का पाठ केलेली. २०११ मध्ये बंद झाली.

पाटावरवंटा: म्हणजे भाषेची तोंडी परीक्षा आणि फी उलटी 😄 आपल्याकडे पाहुण्यांसमोर कविता म्हणायला लावतात ती फुकटच गेली.

गॉलवेकरीण: अजून एक राहिलं. उन्हाळ्यात शहरातली पोरं तीन आठवडे आयरिश शिकायला गेलतख्तातल्या घरांत राहतात आणि त्या घरांनाही सरकार पोरामागे पैसे देतं. त्या बाईला 'बॅन अ टी' म्हणतात, शब्दशः घरची बाई. मी एका घरी गेले होते, टेबलाभोवती बारा पोरं, ब्रेडचा ढीग, आणि कुणी इंग्लिशमध्ये लोणी मागितलं की काकू ऐकूच येत नाही असं दाखवत होत्या. 'यजमानीण' लिहू का?

बांधावरचा: यजमानीण कशाला, पूजा आहे का? मेसवाल्या काकू लिहा.