वारंवार येणारे अल्पकालीन नैराश्य आणि रोजची गोळी

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला जवळपास दर महिन्याला तीन-चार दिवस तीव्र नैराश्य येते, त्या दिवसांत ती अंथरुणातून उठत नाही, फोनही उचलत नाही, आणि मग आपोआप सावरते. डॉक्टरांनी लॅमोट्रिजिन (मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध) सुचवले आहे. एवढ्यासाठी रोज औषध घ्यावे का?

उत्तर १ : नैराश्यविरोधी औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे झटका आल्यावर गोळी सुरू करून फारसे साधत नाही, म्हणूनच प्रतिबंधक औषधाचा विचार होतो. मात्र अशा वारंवार येणाऱ्या अल्पकालीन नैराश्यात लिथियम (तशाच प्रकारचे दुसरे औषध) किंवा लॅमोट्रिजिन यांच्या उपयोगाचा पुरावा तोकडा आहे, हे आधीच समजून घ्यावे. लॅमोट्रिजिन साधारणतः २५ मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवतात. पुरळ उठल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. झटका लहान असला तरी आत्महत्येचे विचार तितकेच गंभीर असतात, तेव्हा त्या दिवसांत तिला एकटे ठेवू नका.

उत्तर २ : झटक्यांच्या आणि मासिक पाळीच्या तारखा शेजारी-शेजारी लिहून ठेवा. दोन्हींचा मेळ बसत असेल, तर निदान आणि उपचार दोन्ही बदलू शकतात.

प्रश्नकर्ती : पाळीशी संबंध आम्ही तपासलाच नव्हता. पुढील भेटीपूर्वी नोंद ठेवू.