मदत हवी आहे: स्वोय की येवो? उद्या पेपर आहे

शिकाऊ७: स्वोय कुठे आणि येवो कुठे, कोणी नीट सांगेल का? स्वोय म्हणजे आपला, येवो म्हणजे त्याचा असं पाठ केलं, तसंच लिहिलं, तरी सरांनी दोन्ही वाक्यं कापली. प्लीज लवकर.

निळू: भाषा रशियन ना? झेक, पोलिशमध्येपण असाच शब्द आहे. आणि वाक्यं टाका की, त्याशिवाय काय सांगणार?

शिकाऊ७: हो रशियनच. पहिलं, "इवान इ स्वाया झेना प्रिश्ली", इवान आणि बायको आले. (स्वाया, स्वायू ही स्वोयचीच स्त्रीलिंगी रूपं.)

निळू: बरोबर कापलंय. स्वोय कर्त्याकडे बोट दाखवतो, आणि इथे बायको स्वतःच कर्त्यात आहे, म्हणून "इवान इ येवो झेना". मराठीत तरी आपण "इवान आणि आपली बायको आले" म्हणतो का? पण "ओन ल्यूबित स्वायू झेनू" म्हणजे त्याचं स्वतःच्या बायकोवर प्रेम आहे, तिथे येवो टाकलंत तर बायको दुसऱ्याच कुणाची तरी होते!

कृष्णाकाठ: मराठी नको, हिंदी धरा. आपण "मी माझं पुस्तक घेतलं" म्हणतो, हिंदीत "मैंने अपनी किताब ली", रशियनमध्येही तसंच, मी-तू-तो सगळ्यांना स्वोय.

निळू: मी-तू ला मोयू, त्वायू (माझं, तुझं) चालतं हो, स्वोय फक्त जास्त सहज वाटतं. अर्थ बदलतो तो तिसऱ्या पुरुषात.

भटक्या: स्वोय म्हणजे आपल्या संस्कृतचा स्व! रशियन आपल्यातूनच गेलीय.

कृष्णाकाठ: गेली नाही, दोन्ही एकाच जुन्या इंडो-युरोपियन मुळाचे. आणि मराठीतला आपला तर आत्मन् वरून आलाय, त्याचा स्व शी संबंध नाही.

मीनाक्षी_ठाणे: फोनवर रशियन कीबोर्डचा फोनेटिक लेआउट टाका, खूप सोपं जातं.

शिकाऊ७: कीबोर्ड आहे हो ताई. दुसरं वाक्य राहिलं, "ओन स्कझाल श्तो स्वोय ब्रात बोलेन". तो म्हणाला की आपला भाऊ आजारी आहे. कर्ता तर ओन आहे ना?

निळू: इथे मात्र मराठी फसवते. आपला "की" ओलांडून मागच्या "तो" पर्यंत पोचतो, स्वोय पोचत नाही. श्तोनंतर नवं उपवाक्य, त्याचा कर्ता ब्रात, आणि कर्त्यात स्वोय नाही. येवो ब्रात. भाऊ नक्की कुणाचा ते मागच्या-पुढच्या वाक्यांवरून कळतं.

कृष्णाकाठ: मग "उ निवो स्वाया मशीना" कसं चालतं? तिथे तर मशीना कर्ता आहे.

निळू: तिथे अर्थ "स्वतःच्या मालकीची", त्याची स्वतःची गाडी आहे. तो वेगळा वापर, आज शिकाऊ७ला त्यात नका ओढू.

शिकाऊ७: "ओन स्कझाल श्तो येवो ब्रात बोलेन". आता बरोबर?

निळू: श्तोच्या आधी स्वल्पविराम द्या. रशियनमध्ये तो लागतोच, त्याचेही मार्क कापतात.