तोंडी सांगितलेलं मेलवर आणा
साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या ताईंनी लिहिलंय, साहेब काम तोंडी सांगतात आणि चुकलं की "मी असं म्हणालोच नाही" म्हणतात. ताई, केबिनमधून बाहेर आल्यावर अर्ध्या तासात मेल टाका: "सर, आत्ता सांगितल्याप्रमाणे जुन्याच दराने कोटेशन पाठवत आहे. बदल असल्यास ४ वाजेपर्यंत कळवावे." एवढंच. "तुम्हीच म्हणालात" असा सूर नको, आणि पहिल्याच मेलला एचआरला सीसी तर मुळीच नको. साहेब बिथरतात आणि पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, गोपनीयतेच्या नावाखाली तुमच्यावरच उलटेल. घरच्या वहीत तारीख, वेळ, नेमके शब्द आणि समोर कोण होतं, हे त्याच दिवशी लिहा. लैंगिक त्रास असेल तर मात्र थांबू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार घटनेपासून ३ महिन्यांच्या आत कंपनीतल्या अंतर्गत समितीकडे (अशा तक्रारी ऐकणारी समिती) लेखी तक्रार करा. कंपनीत १० पेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.