दोन्ही संघ गोल करतील का, या प्रश्नाचा बाजार : अंदाज की आकडा?

(सोलापुरातील दोघांचा संवाद : एक विजापूर वेशीचा, दुसरा यंत्रमागवाला.)

विजापूर वेस : फुटबॉल सामन्यात दोन्ही संघांचा किमान एकेक गोल होईल का, एवढ्याच प्रश्नावर परदेशात ‘होय’ आणि ‘नाही’ असे करार विकले जातात. उत्तर बरोबर आले तर करारामागे एक डॉलर मिळतो, चुकले तर काहीच नाही. म्हणून ‘होय’चा भाव ५५ सेंट असेल, तर बाजार ती शक्यता साधारण ५५ टक्के धरतो आहे. माझ्या मते हा सट्टा नसून शक्यता मोजण्याचे साधन आहे. एका संघाकडून सरासरी १.५ आणि दुसऱ्याकडून १.१ गोलांची अपेक्षा असेल, तर पॉयसाँच्या सूत्राने (सरासरीवरून एखादी घटना किती वेळा घडेल याची शक्यता काढणाऱ्या) त्यांचा किमान एक गोल होण्याची शक्यता अनुक्रमे ७८ आणि ६७ टक्के येते, आणि दोन्ही गोष्टी स्वतंत्र धरल्यास गुणाकार ५२ टक्क्यांच्या आसपास जातो. टीव्हीवरील तज्ज्ञ चुकला तर त्याचे काही जात नाही. इथे खिशातून जाते, म्हणून लोक विचार करून बोलतात.

यंत्रमागवाला : आपले गणित मान्य, निष्कर्ष अमान्य. अक्कलकोट रस्त्यावर माझे माग आहेत. टॉवेलचा भाव मी आज ठरवतो, माल तीन महिन्यांनी जातो, आणि मधल्या काळात सूत महागले की ऑर्डर अंगावर येते. कापसाच्या वायद्याला अर्थ आहे तो यामुळे, की तिथे कोणाची तरी जोखीम आधीच उभी असते. एखाद्या संघाचा गोल झाला नाही म्हणून कोणाचा माग बंद पडतो? इथे जोखीमच बाजाराने निर्माण केलेली आहे. मटकाही कापसातूनच निघाला, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको : आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या-बंद भावांवर पैसे लागत, ते भाव येणे थांबले तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, आणि लावणाऱ्यांना त्याने काहीही फरक पडला नाही.

विजापूर वेस : चिठ्ठीला अभ्यास कळत नाही, सामन्याला कळतो. १९९४ ते २०२२ या आठ विश्वचषक अंतिम सामन्यांपैकी केवळ २००६, २०१८ आणि २०२२ मध्ये दोन्ही संघांनी गोल केले. हे ठाऊक असलेला माणूस अंतिम सामन्याला ‘होय’ महाग घेणार नाही.

यंत्रमागवाला : आठ सामन्यांवर अभ्यास उभा राहत नाही. २०२२ मध्ये ७९ मिनिटे अर्जेंटिना २-० ने पुढे होता आणि फ्रान्स निष्प्रभ होता; ८०व्या मिनिटाला एम्बाप्पेने पेनल्टी मारली आणि ‘नाही’वाल्यांचा अभ्यास संपला. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की ३-० ने पुढे असलेल्या संघाच्या गोलरक्षकाने शेवटी एक गोल सोडला तर निकाल बदलत नाही, कोणी शंका घेत नाही, आणि करार मात्र उलटतो. सामना विकत घेण्यापेक्षा असा एक गोल विकत घेणे स्वस्त पडते. शिवाय २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदच केले आहेत.

विजापूर वेस : ३-० चा मुद्दा मला खोडता येत नाही. (कायद्याचा येतो; बंदी आली म्हणून गोष्ट निरर्थक ठरत नाही.) मग पैसे वगळू या. हवामान अंदाज तपासण्यासाठी १९५० साली ब्रायर यांनी सुचवलेली रीत आहे : टक्केवारी आधी लिहायची, आणि निकालापासूनच्या (घडले तर १००, न घडले तर ०) फरकाचा वर्ग चुकीच्या खात्यावर मांडायचा. पुढच्या रविवारच्या सामन्यासाठी माझे ५२ लिहून ठेवा. आपला आकडा काय?

यंत्रमागवाला : ‘आकडा’ म्हणू नका. ४०.