मदत हवी आहे: वजाच्या गणितात पोरगी अडकलीय

सातवीतली मुलगी काल हे घेऊन बसली होती: ६ − ९ + (−४) × २. पुस्तकात उत्तर −११ आणि हिचं येतंय ५! वही बघितली तर गुणाकार बरोबर केलाय, −८ लिहिलंय, पण मग म्हणते कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) मध्ये 'बे' आधी आणि 'व' नंतर, म्हणून ९ + (−८) = १ आणि ६ − १ = ५. आता मला माहितीये की बेरीज वजाबाकी एकाच पायरीवर असतात, डावीकडून उजवीकडे करत जायचं, ६ − ९ = −३, मग −३ − ८ = −११, पण तिला ते पटतच नाहीये, क्लासमध्ये असंच पाठ करून घेतलंय म्हणे.

दुसरा घोळ म्हणजे 'वजा वजा अधिक'. तो नियम ती कुठेही चिकटवते, −३ − ५ चं पण ८ करून टाकते 😅 उधारीचं उदाहरण दिलं, तीन रुपये वाण्याचे द्यायचेत अजून पाच घेतले, तेव्हा कळलं, पण कंस आला की पुन्हा गाडी तिथेच.

कोणी शिक्षक आहे का इथे? प्रत्येक पदाला त्याच्या चिन्हासकट गोल करायला सांगू का, की संख्यारेषेवरच उड्या मारायला लावू? तुमच्याकडे काय चाललं ते सांगा, सोमवारी चाचणी आहे.